नन आणि बास्केटबॉलचं मैदान

वर्षानुवर्षं फिरणारा एक समज: ‘नन झाली की बाई मठाच्या भिंतीआड जाते, अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघासोबत बसणारी नन म्हणजे नियम मोडणारी किंवा नुसती शोभेची.’

गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण आपण दोन वेगळ्या वाटांना एकच शब्द वापरतो. काही जणी आयुष्यभर मठातच राहून प्रार्थना करतात. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कॅनन कायद्यातलं (चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेतलं) कलम 667 त्यांच्यासाठीच बंदिस्त आवाराचा कडक नियम सांगतं. बाकीच्या नन जिथे एकत्र राहतात त्या घरातला काही भाग फक्त त्यांच्यासाठी राखीव असतो, एवढंच. वसईपासून नागपूरपर्यंत शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या सिस्टर आपण पाहतोच की! ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रतं त्यांचीही असतात. त्यांचं काम मात्र लोकांमध्ये असतं.

संघासोबतची सिस्टर याच वाटेवरची. सामन्याआधी खेळाडू घोळका करून मान खाली घालतात, ती दोन ओळींची प्रार्थना म्हणते. पण मला तिचं खरं काम नंतरचं वाटतं: शेवटचा फ्री थ्रो हुकलेल्या, टॉवेलात तोंड लपवून बसलेल्या पोराशेजारी बसणं.

आणखी एक. ती मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करत नाही, पापनिवेदनही ऐकत नाही. ते धर्मगुरूंचं काम. तिला संघाची ‘चॅप्लिन’, म्हणजे एखाद्या गटाची आध्यात्मिक काळजी घेणारी व्यक्ती, म्हणतात खरं; पण त्याच कायद्याच्या कलम 564नुसार चॅप्लिन धर्मगुरूच असतो, तिच्या बाबतीत तो शब्द रूढ अर्थाने वापरतात. दोन्ही कलमं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. नाहीतर जवळच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना विचारा, त्या आनंदाने सांगतील.