तांबीचा खर्च: बाळंतपणानंतरच्या गर्भनिरोधकाची पार्श्वभूमी

पुण्यात ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईला कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन, फुकट बसवून मिळते. बायका तिला ‘तांबी’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे. खरं काम करतं ते तिच्यावरचं तांबंच. यातली ‘३८० ए’ दहा वर्षं चालते. वस्तू स्वस्त, टिकाऊ, वर फुकट. मग खर्च येतो कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. पुण्यात शिकलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी प्राध्यापकी गमावली. त्यांच्या नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून पुण्यात तेच काम नेटाने केलं. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला आणि साधनांची किंमत सरकारी तिजोरीवर गेली.

१९६५ मध्ये लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं प्लास्टिकचं साधन, आला आणि हिशेबाची खोड तिथेच लागली. पुढच्याच वर्षी केंद्राने राज्यांना दर ठरवून दिले: एका लूपमागे ११ रुपये, पुरुष नसबंदीमागे ३०, स्त्रीच्या शस्त्रक्रियेमागे ४०. पैसे लूप बसवण्याचे होते. नंतर बाईचं काय झालं, हे विचारण्याचे नव्हते. अंगावरून जास्त जायला लागलं, पोटात कळा आल्या, की ती लूप काढून घ्यायला धावायची, आणि तिची हकीकत सगळ्या वाड्याला कळायची. वाड्यातल्या प्रचारापुढे लाल त्रिकोणाची, म्हणजे कुटुंबनियोजनाच्या सरकारी चिन्हाची, काय पत्रास! लूप बदनाम झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. आणीबाणीनंतर पुरुष या कार्यक्रमातून बाजूला झाले आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, तांबी वापरणाऱ्या जेमतेम २.१ टक्के.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर रुग्णालयातली बाळंतपणं वाढली. बाई आपण होऊन दवाखान्यात आलीच आहे, तर तांबी तेव्हाच बसवावी, असा विचार २०१० च्या सुमारास धोरणात आला. वार पडल्यावर दहा मिनिटांत, नाहीतर ४८ तासांच्या आत. ती वेळ हुकली, की सहा आठवडे थांबायचं.

आपल्याकडे खरा खर्च या सहा आठवड्यांत दडलेला आहे. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, म्हणजे प्रसूती एका गावात आणि पुढची तपासणी दुसऱ्याच गावात. नंतर यायचं तर रिक्षा, सोबत कोणीतरी, आणि त्या सोबतीचा बुडालेला रोज. ४८ तासांत बसवली तर ही फेरी वाचते, पण अशी तांबी निसटण्याची शक्यता उशिरा बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते. म्हणजे तपासणीची फेरी आहेच. शिवाय रात्री दोन वाजताच्या बाळंतपणाला हे शिकलेली डॉक्टर किंवा नर्स हजर हवी. सरकारने बसवणाऱ्याला १५० आणि आशाताईंना १५० रुपये ठेवले. बाईला ३०० रुपये, त्यात तपासणीला येण्याजाण्याचं भाडंही धरलेलं. लूपच्या काळाशी ताडून पाहिलं तर हे भाडं धरणं हीच खरी सुधारणा म्हणायची.

खासगीत गोष्ट वेगळी. तिथे बाळंतपणाचं ‘पॅकेज’ असतं आणि तांबी त्यात आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावं लागतं. विमा मदतीला येत नाही: विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अपवादांत कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन सरळ वगळलेलं आहे. अमेरिकेतही पॅकेजनेच घोळ घातला होता. प्रसूतीची एकच ठरीव रक्कम मिळायची, मग महागडं साधन रुग्णालयाने पदरमोड करून का बसवावं? २०१२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने गरिबांच्या सरकारी विम्यातून त्याचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. आपल्या विम्यात तो अपवाद अजून छापलेला असतो, वंध्यत्वाच्या उपचारांच्याच रकान्यात.