कुत्रा आणि मोकळ्या कोंबड्या: शिकवण्याची गरज कुठून आली

कुत्र्याने अंगणातली कोंबडी धरली, ही तक्रार कोंबड्या पाळण्याइतकीच जुनी असणार. पण कोंबड्यांना त्रास देऊ नये म्हणून कुत्र्याला मुद्दाम बसून शिकवायचं, लांब दोरी बांधून रोज सराव घ्यायचा, हे तसं अलीकडचं.

कुत्रा माणसासोबत राहू लागला त्याला निदान १४-१५ हजार वर्षं झाली. कोंबडी फार उशिरा आली. आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून ती माणसाळली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा काळ साधारण ३,५०० वर्षांपूर्वीचा धरला आहे. म्हणजे ती दारात आली तेव्हा शिकारीची खोड असलेला कुत्रा तिथे आधीच ठाण मांडून होता.

तरी शेतावर दोघांचं निभत आलं. कुत्र्याची पिल्लं कोंबड्यांच्या गर्दीतच डोळे उघडायची. पिलांवर बसलेल्या कोंबडीने पिसं फुलवून नाकावर एक टोच मारली की पुढच्या वेळी कुत्र्याचं पिल्लू लांबून वळसा घाली. एवढ्यावरही खोड गेली नाही, तर त्या कुत्र्याला बांधून ठेवत किंवा सरळ मारून टाकत. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवायचा उपायही याच परंपरेतला. तो किळसवाणा तर आहेच, वर निरुपयोगीही. गळ्यातल्या घाणीचा संबंध कालच्या झडपेशी लावणं कुत्र्याला जमत नाही.

विसाव्या शतकात हा शेजार मोडला. कोंबड्या पिंजऱ्यांच्या रांगांत गेल्या आणि कुत्रे घरात, सोफ्यावर. पुढे वारं उलटं फिरलं. युरोपीय संघाने १९९९ मध्ये साध्या पिंजऱ्यांवर बंदी ठरवली, ती २०१२ पासून लागू झाली. परसात चार कोंबड्या पाळायची हौसही वाढली. आता समोरासमोर येतात ते आयुष्यात कोंबडी न पाहिलेला मोठा कुत्रा आणि जरा काही झालं की फडफडत पळणारी कोंबडी. ती फडफडच घात करते. एरवी शांत असलेला कुत्राही त्या क्षणी मागे धावतो.

असं का होतं, याचं उत्तर दोन ठिकाणच्या कामातून मिळालं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवरचा आपला प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वावरतं, त्यांना ते आपलं मानतं, हे त्यातून पुढे आलं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या संशोधक जोडप्याने मेंढ्यांच्या राखणदार कुत्र्यांवर काम केलं. रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, चावा, अशी शिकारीची साखळी असते आणि वेगवेगळ्या जातींत तिच्या कड्या कमी-जास्त तीव्र असतात, अशी त्यांची मांडणी. कळप हाकणाऱ्या कुत्र्यात पाठलाग ठासून भरलेला, तर मारेमा या जातीसारख्या राखणदारात तो मंद.

म्हणून ‘राखणदार जातीचा आणला की काम झालं’ असं लोक धरून चालतात. ते मला पटत नाही. या जाती मेंढ्या-शेळ्यांसाठी घडल्या. वर्षा-दीड वर्षाचा दांडगा कुत्रा खेळता खेळता कोंबडी मारतो. भूक किंवा राग त्यात नसतोही. मेंढी असा धसमुसळेपणा सोसते, कोंबडीचा त्यात जीव जातो. मात्र नीट तयार झालेला कुत्रा काय करू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नंबूलजवळच्या मिडल आयलंडवर दिसलं. कोल्ह्यांमुळे २००५ पर्यंत तिथले लिटल पेंग्विन (पेंग्विनची एक ठेंगणी जात) दहाच्याही खाली आले होते. मारेमा कुत्रे ठेवून पाहा, ही कल्पना पुढे आली एका कोंबडीपालकाकडून. त्याच्या कोंबड्या हेच कुत्रे राखत होते. २००६ पासून ते बेटावर गेले आणि पेंग्विन पुन्हा वाढले.

घरच्या कुत्र्याबाबत मतभेद उरले ते पद्धतीवर. विजेचा झटका देणारा पट्टा अनेकांनी वापरला. वेल्सने २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांवर तो वापरायला बंदी घातली. माझ्या मते त्याचा धोका साधा आहे: झटका बसला तेव्हा नेमकं समोर काय होतं, यावर कुत्रा काय शिकेल ते ठरतं. दुसरी वाट बक्षिसाची. कोंबड्यांपासून लांब, दोरीवर ठेवायचं. कुत्र्याने त्यांच्यावरची नजर काढून मालकाकडे वळवली की लगेच खाऊ द्यायचा, मग हळूहळू अंतर कमी करायचं.

बक्षिसाच्या या तंत्रातली एक गंमत सांगायलाच हवी. मॅरियन आणि बॉब बेली हे प्राण्यांना शिकवणारं जोडपं अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे कुत्र्यांच्या प्रशिक्षकांना हे तंत्र शिकवत, ते कोंबड्यांवर. कोंबडी चपळ असते, लाडीगोडीला भीक घालत नाही, आणि दाणा क्षणभर उशिरा पडला तरी भलतंच काही शिकून बसते.