.३०० मॅग्नम: आकडा एक, काडतुसे चार
(रायफल परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बॅरलवरचा नुसता .३०० हा आकडा वाचून काडतुसे मागू नका. त्यापुढे काय कोरलंय ते वाचा. हॉलंड अँड हॉलंड, वेदरबी, विंचेस्टर आणि विंचेस्टर शॉर्ट या चारही मॅग्नमची गोळी एकाच व्यासाची असते, ७.८२ मिमी. फरक पितळी केसचा (दारू भरलेल्या नळकांड्याचा) आहे, आणि ती चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, कशाला टेकून थांबते याचा.

वाडवडिलांकडून आलेली जुनी इंग्लिश रायफल बहुधा हॉलंड अँड हॉलंडची (१९२५). हिची केस ७२.३९ मिमी लांब, तोंडाकडे निमुळती होत जाणारी, आणि खांद्याचा (जाड अंग बारीक तोंडाला मिळतं त्या भागाचा) उतार जेमतेम साडेआठ अंशांचा. त्या काळी दारू म्हणून कॉर्डाइटच्या लांब कांड्या भरत. उष्ण देशांत दाब वाढला तरी उडालेली केस चेंबरात न चिकटता निघावी, हा निमुळतेपणाचा फायदा. पण इतक्या उतरत्या खांद्यावर काडतूस नेमकं थांबत नाही, म्हणून बुडाशी बेल्ट, म्हणजे उठावाचा पट्टा, दिला. बेल्टमुळे केस मजबूत होते हा समज चुकीचा आहे. त्याचं काम काडतूस अडवण्याचं.

रॉय वेदरबीने १९४४ मध्ये याच केसच्या भिंती सरळ केल्या आणि खांद्याला दुहेरी गोलाई दिली. दारू जास्त मावली. १८० ग्रेनची (सुमारे ११.७ ग्रॅम) गोळी हॉलंडमधून सेकंदाला साधारण ८८० मीटर वेगाने निघते, वेदरबीतून ९८० च्या आसपास. धक्काही वाढतो. इथे एक धोका नीट लक्षात ठेवा: हॉलंडचं काडतूस वेदरबीच्या चेंबरात बसतं आणि उडतंही, फक्त केस फुगून निघते. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद झाला म्हणजे काडतूस बरोबर, असं कधीच धरू नका.

विंचेस्टरला (१९६३) .३०-०६ या आधीच्या काडतुसाच्या लांबीच्या रायफलमध्ये मावणारं मॅग्नम हवं होतं. म्हणून काडतुसाची कमाल लांबी .३०-०६ इतकीच, ८४.८४ मिमी. केस ६६.५५ मिमीवर आणली आणि दारूला जागा राहावी म्हणून मान (गोळी धरणारा तोंडाचा भाग) आखूड केली: ६.७ मिमी, म्हणजे गोळीच्या व्यासापेक्षाही कमी. लांब, जड गोळी त्यामुळे केसमध्ये खोल जाते आणि दारूची जागा खाते. खांदा २५ अंशांचा, म्हणजे त्यावर काडतूस थांबू शकलं असतं, तरी बेल्ट ठेवला.

त्याचा त्रास असा. काडतूस मागे बेल्टवर थांबतं आणि पुढे खांदा व चेंबर यांच्यात फट राहू शकते. बार होताना केसचा पुढचा भाग भिंतीला घट्ट धरतो, बूड मागे बोल्टवर आपटतं, आणि बेल्टच्या थोडं पुढे पितळ ताणून पातळ होतं. नव्या कारखानी काडतुसात हे सहसा निभावतं. तीच केस पुन्हापुन्हा दाबून भरली तर एक दिवस तिथेच तुटते आणि तप्त वायू बोल्टमधून चेहऱ्याकडे येतात. रिकाम्या केसवर बेल्टच्या पुढे चकाकती कडी दिसली तर ती केस बाद करा. दुसऱ्याने भरलेली काडतुसे कोणत्याही किमतीत घेऊ नका.

२००१ च्या विंचेस्टर शॉर्टमध्ये बेल्टच नाही. केस ५३.३४ मिमी, जाड, खांदा ३५ अंशांचा; काडतूस खांद्यावर नेमकं थांबतं. वेग लांब विंचेस्टरच्या जवळपास, आणि रायफल आखूड. मात्र जाडीमुळे मॅगझिनमध्ये काडतुसे कमी मावतात. रिम (बुडाची कड) अंगापेक्षा बारीक असल्याने बोल्ट हळू ओढला तर काडतूस नीट न उचलता निसटण्याची शक्यता असते. बोल्ट पूर्ण मागे, मग ठाम पुढे.

काडतुसे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. गरम दारूचा दाब चढतो. हिरवा गंज आलेली जुनी काडतुसे वापरू नका. जुन्या कॅपचे (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचे) क्षार तेलात विरघळत नाहीत, म्हणून तशी काडतुसे आधी उडवलेली बॅरल प्रथम गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, मगच तेल लावा. कोकणातल्या पावसाळ्यात हे चुकलं तर बॅरल आतून खड्डे धरते.

अनेक जुन्या हॉलंड रायफलींचं चेंबर नंतर वेदरबीसाठी वाढवलेलं असतं आणि बॅरलवरचा शिक्का मात्र जुनाच राहतो. म्हणून पहिला बार करण्याआधी रायफल परवान्यासह दुकानात आणा; चेंबरचा साचा काढून मापं घेऊ आणि कोणतं काडतूस लागतं ते लेखी देऊ.