पार्श्वभूमी : रेल्वेगाडीत चढण्याआधीचे पोर्टिलो

भडक रंगाचा कोट, त्याहून भडक विजार आणि हातात रेल्वेप्रवाशांसाठीचं ब्रॅडशॉचं जुनं प्रवासपुस्तक. मायकेल पोर्टिलो यांना एवढ्यावरच ओळखणारा प्रेक्षकवर्ग आता मोठा आहे. बीबीसी टूवर त्यांची ब्रिटिश रेल्वेप्रवासाची मालिका जानेवारी २०१० मध्ये सुरू झाली. त्या साली जन्मलेली मुलं एव्हाना दहावी ओलांडून गेली. या मुलांच्या आईवडिलांना मात्र वेगळे पोर्टिलो आठवतात : थॅचरबाईंचे लाडके, हुजूर पक्षाच्या उजव्या गटाची आशा आणि १९९७ च्या निकालाच्या रात्री ज्यांच्या पराभवावर निम्म्या देशाने टाळ्या वाजवल्या ते संरक्षणमंत्री.

घराण्याचा इतिहास थोडक्यात. वडील स्पेनमधले प्रजासत्ताकवादी प्राध्यापक. यादवीत त्यांची बाजू हरली आणि १९३९ मध्ये ते इंग्लंडच्या आश्रयाला आले. आई स्कॉटिश, कर्कॉडीच्या गिरणीमालकाची मुलगी. मुलाचा जन्म १९५३ चा. केंब्रिजला इतिहास, काही काळ जहाज कंपनीत नोकरी आणि १९७६ पासून हुजूर पक्षाच्या संशोधन विभागात. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या विरोधकाचा मुलगा तिथे कसा पोचला यावर इंग्रजी वृत्तपत्रांनी बरीच शाई खर्च केली आहे. १९८३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये हार पत्करल्यावर पुढच्याच वर्षी ते लंडनमधल्या एनफील्ड साउथगेटच्या पोटनिवडणुकीतून निवडून आले. ब्रायटनच्या हॉटेलात झालेल्या बॉम्बस्फोटात तिथल्या खासदाराचा बळी गेल्याने ती जागा रिकामी झाली होती.

आता १९८८-८९ कडे. रेल्वेवाल्या पोर्टिलोंचं मूळ तिथे आहे आणि वादही तिथलाच : एक रेल्वेमार्ग त्यांनी वाचवला की नाही? उत्तर इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल हा सुमारे ११६ किलोमीटरचा मार्ग डोंगरातून, माळरानातून जातो. वाटेत चौदा बोगदे आहेत आणि वीसहून अधिक पूल. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल त्यातला सर्वांत देखणा. मुळात हा मार्ग बांधलाच गेला तो दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणामुळे. भांडण मिटत आल्यावर बांधणाऱ्या कंपनीला प्रकल्प सोडून द्यायचा होता, पण संसदेने तशी मुभा दिली नाही. १८७६ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. साठच्या दशकातल्या छाटणीच्या यादीत त्याचं नाव होतं, १९७० मध्ये बहुतेक छोटी स्थानकं बंद झाली आणि १९८३ च्या सुमारास रेल्वे प्रशासनाने अख्खा मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आणला. कारण दिलं ते रिबलहेडच्या डागडुजीच्या खर्चाचं. मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याआधीच दुसऱ्या मार्गांवर वळवल्या होत्या. आधी वाहतूक काढून घ्यायची आणि मग वाहतूकच नाही म्हणून टाळं लावायचं, ही रीत आपल्याकडच्या एसटीच्या आणि शाळांच्या बातम्या वाचणाऱ्यांना नवी नाही.

पुढे जे घडलं त्यात मंत्री फार उशिरा येतात. बंदीच्या प्रस्तावावर २२ हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तो ग्राह्य धरला गेला, कारण कुत्र्याचं तिकीट काढलेलं असायचं! मार्ग गुंडाळण्यासाठी ज्या रेल्वे अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती, त्यानेच सवलतीची तिकिटं काढली, जाहिरात केली, गाड्या भरून दाखवल्या. १९८६ मध्ये बंद पडलेली स्थानकं पुन्हा उघडली. प्रवासी मंडळांनी सुनावण्या घेऊन मार्ग चालू ठेवा असं सांगितलं. तरीही मे १९८८ मध्ये सरकारने आपला कल बंद करण्याकडे असल्याचं जाहीर केलं आणि खासगी ग्राहक शोधायला सुरुवात केली. त्यानंतर काही आठवड्यांतच परिवहन खात्यात नवे राज्यमंत्री आले, ते पोर्टिलो.

११ एप्रिल १९८९ ला बंदीची परवानगी नाकारण्यात आली. आपल्या राजकीय आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, या प्रश्नावर पोर्टिलो आजही याच निर्णयाकडे बोट दाखवतात. श्रेय किती द्यायचं? कायद्याने परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार परिवहनमंत्र्यांचा होता, राज्यमंत्र्यांचा नव्हे. तोवर पुलाच्या दुरुस्तीची चाचणी होऊन खर्च भीती घातली होती त्याहून कमी निघाला होता, प्रवासी कैक पटींनी वाढले होते आणि पटेल असा खरेदीदार मिळाला नव्हता. म्हणजे मार्ग बंद करायला लागणारी कारणंच एकेक करून गळून पडली होती. फाईल ‘होय’वर ढकलून मोकळं होणं तरीही सोपं होतं आणि ते त्यांनी केलं नाही, एवढं श्रेय त्यांच्या पदरात टाकायला हरकत नसावी. पण मार्ग त्यांनी वाचवला, हे वाक्य पडद्यावर इतकं सहज उच्चारलं जातं की त्या २२ हजार हरकती तळटीप होऊन बसतात. वाचलेला मार्ग पुढे किती मोलाचा ठरला ते सरकारी खर्चावरून दिसतं : फेब्रुवारी २०१६ मध्ये दरड खचून कार्लाइलजवळचा भाग बंद पडला, तेव्हा तो सोडून न देता २ कोटी ३० लाख पौंड खर्चून मार्च २०१७ अखेर पुन्हा सुरू करण्यात आला.

याच माणसाने पुढे केलेल्या दोन गोष्टींवर मालिका निघालेली नाही. १९९० मध्ये स्थानिक शासन खात्यात जाऊन त्यांनी पोल टॅक्सचं, म्हणजे धनिकाला आणि कामगाराला सारखाच पडणाऱ्या दरडोई कराचं, समर्थन केलं. लंडनमध्ये त्यावरून दंगल होऊन गेली होती तरीही. आणि १९९६ मध्ये ते संरक्षणमंत्री असताना सैनिकांच्या कुटुंबांची सुमारे ५७ हजार घरं एका खासगी कंपनीला १६६ कोटी पौंडांना विकून भाड्याने परत घेण्यात आली. त्यातली ३६ हजारांवर घरं सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जवळपास ६०० कोटी पौंड मोजून परत विकत घेतली.

मधल्या राजकीय चढउतारातले ठळक प्रसंग तेवढे. १९९५ मध्ये पंतप्रधानांनी पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन पक्षांतर्गत विरोधकांना आव्हान दिलं. पोर्टिलो रिंगणात उतरले नाहीत, पण त्यांच्या संभाव्य प्रचार कार्यालयात फोनच्या लाइन टाकल्या जात असल्याचं बाहेर फुटलं. आपल्याकडे ‘भावी मुख्यमंत्री’चे फलक आधी लागतात आणि मग कार्यकर्त्यांच्या उत्साहावर ढकलले जातात, तसलाच प्रकार. १९९७ ला १५ हजारांहून जास्त मताधिक्याचा बालेकिल्ला ते १,४३३ मतांनी हरले. तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश निवडणुकीत बडा नेता पडला की ‘पोर्टिलो क्षण’ म्हणतात. १९९९ मध्ये त्यांनी तरुणपणीच्या समलिंगी संबंधांची कबुली दिली, त्याच वर्षी दुसऱ्या मतदारसंघातून परतले, आणि २००१ च्या नेतेपदाच्या लढतीत खासदारांच्या तिसऱ्या फेरीत एका मताने बाद झाले : तिघांची मतं ५९, ५४ आणि त्यांची ५३. २००५ मध्ये संसद सोडली.

दूरचित्रवाणी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. २००३ मध्ये चार मुलांच्या एकट्या आईच्या घरी जाऊन त्यांनी तिचा संसार काही दिवस चालवला. त्याच वर्षीपासून २०१९ पर्यंत गुरुवारच्या रात्री राजकीय गप्पांच्या कार्यक्रमात ते बसत, आणि सोफ्यावर शेजारी बरीच वर्षं मजूर पक्षाच्या एक डाव्या खासदार असत. एका डाव्या साप्ताहिकात त्यांनी नाट्यसमीक्षाही लिहिली. २००८ च्या बुकर पारितोषिकाच्या परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते; ते पारितोषिक मुंबईत राहणाऱ्या एका भारतीय लेखकाच्या पहिल्या कादंबरीला मिळालं.

भारतातल्या रेल्वेप्रवासाची त्यांची चार भागांची मालिका २०१८ मध्ये आली : अमृतसर ते सिमला, जोधपूर ते दिल्ली, म्हैसूर ते चेन्नई, लखनौ ते कोलकाता. जिथून १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली, ते बोरीबंदर या चार मार्गांत नाही. भोर घाटही नाही. मराठी माणसाने रुसायला एवढं पुरेसं आहे. २०२२ पासून पोर्टिलो उजव्या विचारांच्या जीबी न्यूज वाहिनीवरही दिसू लागले, आणि रेल्वेच्या मालिका बीबीसीवर चालूच राहिल्या.