साइटच्या स्क्रूला हात लावण्याआधी
१० मीटर एअर पिस्तूल नव्याने हातात घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

"साइट सरकलीय, जरा बघून द्या." साइट म्हणजे नेम धरायला पिस्तुलावर पुढे आणि मागे बसवलेले भाग. २०२४ला पॅरिसमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात आणि नाशिकमध्येच नेमबाजी शिकलेल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून गंगापूर रोडपासून सिन्नरपर्यंत नवे नेमबाज वाढले आणि दुकानात हे वाक्यही वाढलं. म्हणून हा कागद.

बहुतेक वेळा साइट जागेवरच असते. होतं असं की एक शॉट डावीकडे खाली जातो. लगेच स्क्रूड्रायव्हर निघतो, साइट दोन क्लिक उजवीकडे. पुढचा शॉट नीट सुटतो, त्यामुळे आता तो उजवीकडे पडतो. परत दोन क्लिक मागे. चार दिवसांत स्क्रू एका टोकाला जाऊन बसतो आणि पिस्तूल आमच्या टेबलावर येतं. एका पिस्तुलात तर स्क्रूची खाचच झिजून गुळगुळीत झाली होती. तो काढण्यात आमची दुपार गेली आणि नवा स्क्रू येईपर्यंत त्या मुलाचे तीन आठवडे गेले.

उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट घड्याळातल्या साडेसातच्या जागी पडत असतील, तर आधी बोटावर संशय घ्या. साइट टार्गेटवरच्या काळ्या गोलाखाली छान बसलेली दिसते, मनात "आत्ता!" होतं आणि बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. ट्रिगर एकट्या बोटाने, सरळ मागे, सावकाश दाबायचा असतो. शॉट कधी सुटला हे तुम्हालाही किंचित उशिरा कळलं पाहिजे.

"पण हात हलतो ना!" हलणारच, ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो. हिशेब बघा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. दोन्ही साइट एका रेषेत ठेवून सगळा हात एक सेंटिमीटर बाजूला गेला, तर छर्राही तेवढाच जातो, दहाचा नऊ होतो. पण मनगट मोडून फोरसाइट (पुढची साइट) मागच्या साइटच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३ सेंटिमीटर भरकटतो, म्हणजे दहाचा सात. म्हणून नजर फोरसाइटवरच हवी. तिची कड धारदार दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी बिघडत नाही. नेमही काळ्याच्या मध्यावर धरू नका, काळ्यावर काळी साइट हरवते. खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरा. दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

साइट खरंच हलवायची कधी? दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, घट्ट असून मध्यापासून दूर पडत असेल तेव्हा. ग्रुप डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे. भोकं टार्गेटच्या कार्डभर विखुरलेली असतील, तर स्क्रूकडे बघूही नका.

म्हणूनच आमच्या मागच्या लेनवर तुम्ही दहा-दहा शॉटची दोन कार्डं मारल्याशिवाय आम्ही साइटला हात लावत नाही. "अर्धा तास फुकट घालवता" असं काहीजण म्हणतात, त्यांचा राग समजतो. पण लगेच साइट फिरवून दिली तर पुढच्या शनिवारी तुम्ही परत याल. शंका राहिलीच, तर आम्ही पिस्तूल लाकडी ठोकळ्यांत धरून वाइसला (टेबलावरच्या शिकंज्याला) बांधतो आणि तुमच्यासमोर पाच छर्रे मारतो. जवळजवळ एकाच भोकातून जातात. ते कार्ड घरी न्या. या तपासणीचे पैसे घेत नाही.

ट्रिगर हलका करून मागू नका. नियमाने त्याने किमान ५०० ग्रॅम वजन पेलायला हवं. त्याखाली आम्ही जात नाही, स्पर्धेतल्या तपासणीत तुम्हीच अडकाल.

खर्च करायचाच असेल तर ग्रिपवर करा. कंपनीची ग्रिप सगळ्यांच्या हाताला बसत नाही. तळहातात पोकळी राहिली की मनगट प्रत्येक शॉटला वेगळं बसतं. आम्ही पुटी भरून, कानशीने घासून ती तुमच्या हाताची करून देतो. दोन फेऱ्या लागतात. छर्रे चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे, एकाच बॅचचे घ्या. आम्ही डब्यावर बॅच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तोच मिळतो का ते पाहता येतं.

घरी रोज पंधरा मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय करा, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून. ड्रायची सोय नसलेलं स्प्रिंगचं पिस्तूल मात्र रिकामं उडवू नका, आतलं सील जातं.

येताना पिस्तूल अनलोड करून पेटीतच आणा. सोबत गेल्या आठवड्याची कार्डं, कोपऱ्यात तारीख लिहून. स्क्रूड्रायव्हर घरी ठेवा.