कॉफीच्या पुडीवर कॅफिनचा आकडा का नाही?

खानदेशात कॉफी पिकत नाही आणि रोजचा मान इथे चहाचाच. तरी दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की अमळनेर, चोपडा, शहादा अशा कुठल्याही गावच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी टांगलेल्या इन्स्टंट कॉफीच्या माळेकडे हात जायला लागतात. जळगावच्या अभ्यासिकांमधली स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री अकराला कॉफी करून पुन्हा पुस्तक उघडतात. भुसावळला रेल्वेची रात्रपाळी असते, रावेर-यावलकडे रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरायचं असतं. यातले बरेच जण चवीसाठी नव्हे, जागं राहण्यासाठी कॉफी पितात. जागं ठेवणारं द्रव्य म्हणजे कॅफिन. त्या एका कपात ते किती आहे, हे मात्र पुडीवर सहसा लिहिलेलं नसतं.

पुडी उलटी करून बघा. बारीक अक्षरांत ‘कॉफी ५३%, चिकोरी ४७%’ किंवा ‘कॉफी ७०%, चिकोरी ३०%’ असं काहीतरी सापडेल. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. आपल्या शेजारच्या गुजरातेत, खेडा-आणंद आणि जामनगर भागात, त्याची शेती होते. मूळ चिरून, वाळवून भाजलं की त्यातली साखर आणि इन्युलिन नावाचं तंतुमय कर्बोदक करपट-तपकिरी होतात. पेयाला गडद रंग, कडवटपणा आणि दाटपणा येतो. चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं. म्हणजे जो कप दिसायला सगळ्यात ‘कडक’, त्यातच कॅफिन सगळ्यात कमी असू शकतं. रंगावरून अंदाज बांधणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. याच नियमांत आणखी दोन आकडे आहेत, ते ग्राहकांपर्यंत पोचतच नाहीत. शुद्ध इन्स्टंट कॉफीत कोरड्या वजनाच्या किमान २.८ टक्के कॅफिन हवं. चिकोरी मिसळलेल्या इन्स्टंट कॉफीत किमान १.४ टक्के. २.८ चे ५१ टक्के काढून बघा, १.४३ येतात. दोन्ही अटी एकमेकींशी अशा जुळतात.

आता हिशेब सोपा आहे. एका कपाला दोन ग्रॅम पावडर धरा. दोन ग्रॅम शुद्ध इन्स्टंट कॉफीत किमान ५६ मिलिग्रॅम कॅफिन, तर दोन ग्रॅम मिश्रणात किमान २८. हे तळाचे आकडे झाले. प्रत्यक्षात जास्त असू शकतं, कारण भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टा जातीचा आहे आणि रोबस्टाच्या बीमध्ये अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. शिवाय एक किलो इन्स्टंट पावडरीसाठी साधारण २.६ किलो कच्च्या बिया लागतात. भाजलेल्या, दळलेल्या बियांमधून दाबाखालचं गरम पाणी सोडून अर्क काढतात, तो आटवतात आणि गरम हवेत फवारून किंवा गोठवून कोरडा करतात. चोथा मागे राहतो, पण गरम पाण्यात सहज विरघळणारं कॅफिन जवळपास सगळं अर्काबरोबर पावडरीत येतं. भाजण्यानेही ते फारसं उडून जात नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात आकडे दिले आहेत: १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि एका चहात ३० ते ६५. चहाचा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. निम्मी चिकोरी असलेली एक पुडी आणि घरचा चांगला उकळलेला चहा यांत झोप उडवण्याची ताकद बरोबरीची असू शकते, कधी चहाच पुढे असतो. परीक्षेपुरता चहा सोडून कॉफी धरणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी अडचण चमच्याची. बारीक पावडर चमच्यात दाबून बसते, रवाळ दाण्यांमध्ये हवा राहते. म्हणून एकाच चमच्याने दोन बरण्यांतून काढलेली कॉफी एकाच वजनाची नसते. सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यांत तर दुपटीचाही फरक पडतो. पुडीवर निव्वळ वजन छापलेलं असतं, तिथे प्रश्न मिटतो. बरणीवाल्यांनी एकदा आपला नेहमीचा चमचा तोलून घ्यावा. जळगाव ही सोन्याची पेठ. ग्रॅमची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दूध-साखर आधीच मिसळलेल्या पुड्यांत मात्र एकूण वजनावर जाऊ नका, घटकांच्या यादीत कॉफी किती टक्के आहे ते शोधा. बहुतेक वजन साखर आणि दूध पावडरीचं असतं.

एवढा हिशेब कशासाठी? कॅफिन शरीरात फार वेळ रेंगाळतं म्हणून. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू साठत जातो. तो चेतापेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसला की डोळे जड होतात. कॅफिनची ठेवण त्याच्यासारखीच, त्यामुळे ते आधीच त्या जागा अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. अ‍ॅडेनोसिन बाहेर ताटकळत राहतं. शीण गेलेला नसतो, फक्त जाणवत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला ११० मिलिग्रॅम घेतलं, तर पहाटे चारला ५५ शिल्लक. म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री दोनला पुस्तक मिटलं तरी झोप गाढ लागत नाही, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम तर झोपेतच होतं. हा वेळ सगळ्यांना सारखा नसतो. यकृतातलं एक विकर कॅफिनची विल्हेवाट लावतं. सिगारेट ओढणाऱ्यांत ते वेगाने चालतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत मंदावतं, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर हे पाच तास पंधरापर्यंत लांबतात.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असतं, आणि पट्टीवर ‘कॅफिन ५० मि.ग्रॅ.’ असं स्पष्ट छापलेलं असतं. कॅफिन घातलेल्या एनर्जी ड्रिंकसाठी आपल्याकडे लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅमची चौकट आहे. मुलं, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी नाही, असा इशाराही द्यावा लागतो. कॉफी यातून सुटते, कारण तिच्यातलं कॅफिन वरून घातलेलं नसतं. युरोपातही जास्त कॅफिन असलेल्या पेयांवर इशारा बंधनकारक आहे, पण कॉफी आणि चहाला त्यातून सूट आहे. पीक, जात, चमचा, सगळंच बदलतं, मग नेमका आकडा कसा छापायचा, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. किमान प्रमाणाची अट उत्पादकाला आजही पाळावीच लागते, म्हणजे कॅफिन मोजावंच लागतं. अतिनील किरण २७३ नॅनोमीटरच्या आसपास कॅफिन जोरात शोषतं, त्यावरून ते मोजण्याची रीत प्रयोगशाळांमध्ये रोजची आहे. ‘या पुडीत किमान इतके मिलिग्रॅम’ एवढं वाक्य मावेल इतकी जागा पुडीच्या मागे नक्की असते. ते छापायला लावलं पाहिजे.

तोवर हिशेब घरीच करायचा. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढांना दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. गरोदर स्त्रियांना दिवसाला २००, मुलांना वजनाच्या दर किलोमागे ३. आपली पोषण संस्था मोठ्यांनाही ३०० च्या पुढे जाऊ नका म्हणते. चाळीस किलोच्या मुलाची मर्यादा झाली १२०: शुद्ध इन्स्टंटचे दोन कप. घरात कुणी गरोदर असेल तर दिवसभराचे चहाही याच बेरजेत धरा.

गरोदर बाईच्या बाबतीत वेळही सांभाळावी लागते. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह बांधून ठेवतात, म्हणून पोषण संस्थेचा सल्ला आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर दोन्ही नकोत. लोहाची गोळी तर कॉफीबरोबर घेऊच नये. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही ही द्रव्यं असतात, त्यामुळे हे अंतर तिथेही ठेवायचं.