यकृत : रचना आणि पचनातील कार्य

यकृत ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी होय. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १.२ ते १.५ किलो भरते. उदराच्या वरच्या उजव्या भागात, श्वासपटलाखाली, बरगड्यांच्या आड ती असते. म्हणून निरोगी यकृत पोट चाचपून सहसा हाताला लागत नाही. रंग तांबूस तपकिरी. मटणवाल्याकडे कलेजी म्हणून मिळते, ते बोकडाचे यकृत.

खाल्लेले अन्न यकृतात कधीच शिरत नाही. तरीही पचनसंस्थेत त्याला मानाचे स्थान आहे ते पित्तामुळे. यकृतपेशी दिवसाला साधारण ६०० ते १,००० मिली पित्त तयार करतात. ते उजव्या खंडाखाली चिकटलेल्या पित्ताशयात साठते आणि पाणी शोषले जाऊन तिथे दाट होते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जिताडा साफ करताना पाहिले, तर यकृताला लागून असलेली पित्ताची हिरवट पिशवी न फोडता अलगद काढली जाते, कारण ती फुटली की मासा कडू होतो. माणसाचे पित्तही तितकेच कडू.

पित्तात पाचक विकर (एन्झाइम) नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. मामलेदार मिसळीची तर्री पोटात गेली, की तिच्यातले तेल आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पोहोचते आणि तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सुटते. पित्ताशय आकुंचन पावते, पित्त आतड्यात उतरते आणि त्यातले क्षार, म्हणजे पित्तक्षार, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतात. मेद तोडण्याचे खरे काम त्यानंतर स्वादुपिंडाचे लायपेज हे विकर करते. सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन यकृतात परततात व पुन्हा वापरले जातात. पित्ताशय काढून टाकले तरी पित्त बनणे थांबत नाही. ते थेट आतड्यात झिरपत राहते आणि बहुतेकांचे जेवण नीट पचते.

पित्ताचा रंग बिलिरुबिनचा. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर ते उरते. खड्याने पित्तनलिका तुंबली, तर डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरट होते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत मात्र यकृतपेशींनाच विषाणूमुळे सूज येते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रतिहारी नीलेतून येते, उरलेले यकृत धमनीतून. ही नीला आतड्यांतले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतात आणते. यकृत ज्या सूक्ष्म षट्कोनी एककांचे बनलेले असते, त्या खंडिकांमधील बारीक वाहिन्यांतून ते झिरपते. यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी त्यातले जंतू गिळतात, जास्तीच्या ग्लुकोजचे साठवणीचे ग्लायकोजेन होते आणि अमोनियाचा युरिया. स्निग्ध पदार्थ बहुतांशी ही वाट टाळून लसिकावाहिन्यांतून जातात.

बाहेरून यकृताचे मोठा उजवा आणि लहान डावा असे खंड दिसतात. शस्त्रक्रियेला उपयोगी पडते ती फ्रेंच शल्यविशारद क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये मांडलेली आठ विभागांची आतली वाटणी. प्रत्येक विभागाला रक्तपुरवठा आणि पित्तनलिका स्वतंत्र असल्यामुळेच जिवंत दात्याच्या यकृताचा भाग काढून प्रत्यारोपण करता येते. दात्याचे यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकारमानाचे होते. पण कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेला भागच वाढतो.